घरचा व्यायाम, व्यायामशाळा आणि गोव्यातील मधुमेह

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या यादीत गोव्याचे नाव सर्वांत वर होते. वीस वर्षांवरील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के. चार माणसांच्या पंगतीत एक पान मधुमेह्याचे, असा या आकड्याचा सरळ अर्थ. ज्या राज्यात अशी स्थिती आहे, तेथे ‘व्यायाम घरी करावा की जिममध्ये’ हा प्रश्न केवळ फीचा, सवडीचा किंवा आवडीनिवडीचा राहत नाही. तो रक्तातील साखरेचा, मांडीच्या स्नायूंचा आणि उतारवयातील हाडांचा प्रश्न ठरतो. त्याची चर्चा मात्र बहुधा सवडीपुरतीच होते.

जिमचे समर्थक यंत्रे आणि वातावरण यांचे गुण सांगतात, घरच्या व्यायामाचे समर्थक वेळ आणि पैसा वाचतो म्हणतात. दोघांचे म्हणणे खरे असले तरी शरीराला त्यातले काहीच कळत नाही. स्नायूला कळतो तो त्याच्यावर पडलेला भार. तो भार महिन्यामागून महिना वाढतो आहे की वर्षभर तेवढाच आहे, यावर परिणाम ठरतो. आणि तो वाढतो की नाही हे पुष्कळदा आपल्यावर कोणाची नजर आहे यावर अवलंबून असते. घर आणि व्यायामशाळा यांची तुलना या दोन कसोट्यांवर केली, तर उत्तर बरेच स्पष्ट मिळते.

स्नायू आणि साखर

जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा इन्सुलिनच्या साहाय्याने हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये साठवला जातो. स्नायू कमी असतील किंवा वापरात नसतील, तर हे कोठार लहान पडते. व्यायामाचा विशेष असा की, स्नायू आकुंचन पावू लागला म्हणजे ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतात. एका व्यायामाचा हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे सांगितले जाते. रविवारी दोन तास घाम गाळून उरलेले सहा दिवस खुर्चीत काढणे साखरेच्या दृष्टीने फारसे लाभाचे नाही.

भारतीयांच्या बाबतीत स्नायूंचा मुद्दा अधिकच महत्त्वाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. ‘मी काही जाड नाही, मला व्यायामाची काय गरज’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते पाहण्यासारखे आहे.

चालणे चांगले, पण अर्धे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा, आणि शिवाय किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम करावेत, अशी जोडही त्यात आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांचा व्यायामच हिशेबात धरावा असा दंडक होता, तो आता उरलेला नाही. जिने चढण्याची चार मिनिटेही जमेस धरली जातात.

यातले पहिले वाक्य आपल्याकडे बऱ्यापैकी रुजले आहे. मिरामारच्या किनाऱ्यावर किंवा कांपालच्या पदपथावर पहाटे गेल्यास चालणाऱ्यांची वर्दळ दिसते. दुसरे वाक्य मात्र, म्हणजे दोन दिवस ताकदीचा व्यायाम, मध्यमवयीन वाचकांच्या कानांपर्यंत पोहोचलेलेच नाही. वजन उचलणे हे दंड फुगवणाऱ्या तरुणांचे काम, ही समजूत अजून घट्ट आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात टाइप-२ मधुमेहाच्या २५१ रुग्णांचे गट करून पाहण्यात आले. केवळ चालणे-सायकल यांसारखा व्यायाम करणाऱ्यांची साखर सुधारली, केवळ वजनांचा व्यायाम करणाऱ्यांचीही सुधारली, पण दोन्ही करणाऱ्यांची सुधारणा या दोहोंपेक्षा अधिक होती.

चालण्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही, हे सांगायला नको. तेव्हा घर की जिम हा वाद खऱ्या अर्थाने उरतो तो ताकदीच्या व्यायामापुरता.

जिममधून घरी आल्यावर काय होते

या प्रश्नावर थेट प्रकाश टाकणारे काम ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी केले आहे. त्यांनी टाइप-२ मधुमेह असलेल्या, ६० ते ८० वयाच्या ३६ स्त्री-पुरुषांना घेतले. सर्वांना वजन घटवण्याचा माफक आहार दिला. एका गटाला सहा महिने व्यायामशाळेत, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी जड वजने उचलायला लावली, दुसऱ्याला केवळ अंग मोकळे करणारे ताणाचे व्यायाम दिले. सहा महिन्यांनी गेल्या तीनेक महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी वजने उचलणाऱ्यांत १.२ अंकांनी उतरले, दुसऱ्या गटात ०.४ अंकांनी. सत्तरीच्या माणसांत, औषधाशिवायच्या उपायाने इतका फरक पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

त्यापुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. याच लोकांना पुढचे सहा महिने तेच व्यायाम घरी करण्यास सांगण्यात आले. अभ्यास संपला तेव्हा कमावलेली ताकद आणि स्नायू बहुतांशी शाबूत होते, साखरेतील सुधारणा मात्र टिकली नव्हती. कारण शोधता आढळले की, घरी आल्यावर नियमितपणा घटला होता आणि वजनेही हलकी झाली होती. याच संशोधकांनी नंतर आणखी एक प्रयोग केला. दोन महिने देखरेखीखाली शिकवून काही जणांना वस्तीतील सार्वजनिक केंद्रात आणि काहींना घरी, वर्षभर व्यायाम करू दिला. केंद्रात जाणाऱ्यांची साखरेतील सुधारणा टिकली, घरी करणाऱ्यांची टिकली नाही.

हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांवरून घरच्या व्यायामाला निकामी ठरवणे चुकीचे होईल. घराच्या भिंतींमध्ये साखर वाढवणारे काही नसते. घरी भार वाढवायला साधन नव्हते आणि चुकलेला दिवस विचारायला कोणी नव्हते, एवढाच त्यांचा निष्कर्ष. या दोन उणिवा भरून काढता येतात का, हे पाहणे अधिक उपयुक्त.

तालीम आणि नमस्कार

मराठी माणसाला हा वाद नवा नाही. तालमीत उस्ताद असे, जोडीदार असे, आणि भार वाढवण्याची सोयही असे. जोर-बैठकांची संख्या वाढे, मग करेल्याचे वजन वाढे, मग अंगावर प्रत्यक्ष दुसरा मल्ल येई. मुद्गल आणि करेले वेगवेगळ्या वजनांचे ठेवलेले असत, ते उगाच नव्हे. आजच्या जिममधील डंबेलांच्या चढत्या रांगेचे तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की समोरच्या भिंतीवर मारुतीऐवजी आरसा आला.

दुसरी परंपरा घरातल्या व्यायामाची. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला, तो साधने, सोबती आणि पैसा यांपैकी काहीही लागत नाही या मुद्द्यावर. राजवाड्यात आणि संस्थानच्या शाळांत त्यांनी ते सुरू केले, आणि १९३८ मध्ये त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. अंगणात, ओसरीवर, चार हात जागेत होणारा हा व्यायाम आजही उत्तम आहे. खांदे, छाती, मांड्या, पाठीचा कणा यांना तो एकाच आवर्तनात काम देतो, आणि वेगाने केल्यास हृदयालाही.

परंतु त्याच्या दोन मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे, त्यात ढकलणे आहे, ओढणे नाही. पाठीचे रुंद स्नायू आणि दंडाचा पुढचा भाग जवळजवळ स्वस्थ राहतात. मल्लखांब आणि दोरी करणाऱ्यांना ही उणीव जाणवत नसे, तसेच माडावर चढणाऱ्या आमच्या पाडेल्यालाही. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला ती जाणवते. दुसरी मर्यादा अशी की, शरीर सरावले म्हणजे बारा नमस्कारांचे पन्नास होतात, पण प्रत्येक नमस्कारातील भार तेवढाच राहतो. दम वाढतो, ताकद एका ठिकाणी थांबते. वर्षानुवर्षे नित्यनेमाने नमस्कार घालणाऱ्या व्यक्तीलाही जड गॅसचे सिलिंडर उचलताना कंबर धरावीशी वाटते, ती यामुळे.

घरात भार कसा वाढवावा

घरच्या व्यायामाची खरी कला येथे आहे, आणि बहुतेक मोबाइल-चित्रफिती तीच शिकवत नाहीत. त्या रोज नवा व्यायाम दाखवतात. शरीराला नवेपणा नको असतो, चढण हवी असते.

जोर घेऊ. जमिनीवर हात टेकून केलेल्या साध्या जोरात शरीराच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भार हातांवर येतो. गुडघे टेकून केल्यास तो निम्म्याच्या आसपास उतरतो. भिंतीला हात लावून केल्यास फारच थोडा राहतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीजवळ, एक पैसा न खर्च करता, काही किलोंपासून ४० किलोंपर्यंतची वजने हजर आहेत. साठीच्या गृहिणीने भिंतीपासून आरंभ करावा. पंधरा आवर्तने सहज होऊ लागली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर यावे, मग भक्कम खुर्चीवर, मग गुडघे टेकून जमिनीवर. ही चढण काहींना तीन महिन्यांची, काहींना दोन वर्षांची असते.

बैठकांचेही तसेच. प्रथम खुर्चीवर बसणे आणि हात न टेकता उठणे, नंतर कमी उंचीच्या आसनावर, त्यानंतर खाली पूर्ण बसणे. पुढे पाठीवर दप्तर घेऊन त्यात तांदळाच्या किलो-किलोच्या पिशव्या घालाव्यात. दर पंधरवड्याला एक पिशवी वाढवली तरी पुरे. शेवटी एक पाय मागे पाटावर ठेवून दुसऱ्या पायावर बैठक. येथपर्यंत पोहोचलेल्याला व्यायामशाळेची निकड लवकर भासणार नाही.

ओढण्याच्या व्यायामासाठी थोडा खर्च करावा लागतो. जाड रबरी पट्टा खिडकीच्या मजबूत गजाला अडकवून छातीकडे ओढणे हा सर्वांत सोपा मार्ग. गोव्यातील जुन्या घरांचे लोखंडी गज त्यासाठी जणू घडवलेलेच आहेत, मात्र गंजलेला गज पट्टा अडकवण्यापूर्वी हलवून पाहावा. नाहीतर पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन उचलून, कमरेत वाकून, कोपर मागे नेत ओढावा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी साध्या लोखंडी डंबेलांऐवजी रबराचे आवरण असलेले घ्यावेत. खाऱ्या हवेत उघडे लोखंड पहिल्याच पावसाळ्यात तांबूस होते आणि ते हातात घेण्याची इच्छाही उरत नाही.

किती आवर्तने करावीत? जड वजन नसेल तर काही लाभ नाही, ही समजूत संशोधनाने बरीच सैल केली आहे. एका वेळी जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ३० टक्के इतके हलके वजनही, स्नायू दमेपर्यंत उचलले, तर स्नायूंची वाढ जड वजनांइतकीच होऊ शकते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. निखळ ताकद मात्र जड वजनांनीच अधिक वाढते. घरी करणाऱ्यांसाठी यातली कळीची अट ‘दमेपर्यंत’ ही आहे. शेवटची दोन-तीन आवर्तनेच काय ती शिल्लक राहिली आहेत असे वाटेपर्यंत सेट न्यावा. दूरदर्शनवरची मालिका पाहत सावकाश वीस वेळा हात वरखाली केले तर तो वेळ मालिकेचा धरावा.

आणि एक वही ठेवावी. तारीख, व्यायाम, वजन किंवा टप्पा, आवर्तने, एवढ्या चार रकान्यांची. जिममधील प्रशिक्षक जे काम करतो त्यातला निम्मा भाग ही वही करते. तीन आठवड्यांत एकही आकडा वाढला नसेल तर तिच्या पानावर ते आपोआप दिसते.

जेथे व्यायामशाळाच बरी

काही व्यक्तींनी मात्र व्यायामशाळेचा पर्याय गंभीरपणे विचारात घ्यावा. त्यांत पहिला क्रमांक लागतो तो रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांचा, ज्यांना जिमचे दार आपल्यासाठी नाही असेच नेहमी वाटत आले आहे. ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ या अभ्यासात हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया होत्या, सरासरी वय ६५. एका गटाने आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली भरपूर जड वजने उचलली. त्यांत जमिनीवरून वजन उचलणे, खांद्यावर वजन घेऊन बैठका आणि डोक्यावर वजन नेणे हे प्रकार होते, शिवाय उडी मारून उतरण्याचा एक व्यायाम. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटात कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली होती, घरच्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली होती.

हाड भार ओळखते. तेही जड आणि काहीसा धक्का देणारा भार असेल तरच. तांदळाच्या दप्तराने ते साधणे कठीण, आणि विरळ हाडांच्या व्यक्तीने जड वजन एकट्याने, चित्रफीत पाहून उचलणे धोक्याचे. अभ्यासातील स्त्रियांना हे भार पहिल्या दिवशी दिलेले नव्हते, प्रथम हलक्या वजनांवर पद्धत शिकवली गेली होती. आपल्या शहरांत अशा वयाच्या स्त्रियांना धीराने शिकवणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. फातोर्डा, पेडे, कांपाल येथील सार्वजनिक क्रीडासंकुलांत सकाळच्या रिकाम्या वेळी असे वर्ग चालवणे अशक्य नसावे.

दुसरा गट आयुष्यात कधीच वजन न उचललेल्यांचा. यंत्रावर हालचालीची वाट ठरलेली असते, वजनाची खीळ एका भोकातून पुढच्या भोकात घातली की भार मोजून वाढतो. नवख्याला याचा आधार होतो. तीन-चार महिने तेथे शिकून मग घरी येणे हा व्यवहार्य मार्ग आहे, पण डन्स्टन यांच्या अभ्यासाचा इशारा ध्यानात ठेवून. घरी येताना वजनेही सोबत आली पाहिजेत.

तिसरा गट ज्यांच्या घरात जागाच नाही, किंवा जागा असून निवांतपणा नाही अशांचा. दोन खोल्यांत सासू-सासरे, मुले आणि स्वयंपाक यांच्यामध्ये अर्धा तास स्वतःसाठी काढणे स्त्रीला किती अवघड जाते, हे सांगायला नको. भारतात २०२२ साली पुरेशी शारीरिक हालचाल नसलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के आणि पुरुषांचे ४२ टक्के असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला आहे. घरकाम म्हणजे व्यायामच की, असे म्हणून हा आकडा झटकता येत नाही. घराबाहेर जाणे हीच काहींसाठी व्यायामाची पूर्वअट असते.

व्यायामशाळा निवडताना आरसे आणि वातानुकूलन पाहण्यापेक्षा शिकवणारा काय विचारतो ते पाहावे. पहिल्या दिवशी त्याने रक्तदाब, साखर, औषधे, जुन्या दुखापती यांची चौकशी केली नाही आणि थेट डबाबंद प्रथिनांच्या भुकटीकडे बोट दाखवले, तर दुसरी जागा शोधावी. निरोगी प्रौढाची प्रथिनांची गरज दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. नियमित वजने उचलणाऱ्याला त्याहून काही अधिक लागते. मासळी, अंडी, डाळ, दही खाणाऱ्या घरात ते भुकटीविना जुळते. थाळीतला भाताचा डोंगर मात्र थोडा उतरवावा लागेल.

फीचा हिशेब

वार्षिक फी एकदम भरली की सूट मिळते, आणि पैसे भरले म्हणजे जाणे होईल अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन व्यायामशाळांतील ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. मासिक वर्गणीचे सभासद महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरत आणि सरासरी ४.३ वेळाच जात. प्रत्येक भेट त्यांना १७ डॉलरहून महाग पडे. तेथेच दहा भेटींचा पास घेतल्यास एक भेट १० डॉलरला पडत होती. पैसे भरताना माणूस आपल्या भावी उत्साहाचा अंदाज फार चढा धरतो, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे समजा वर्षाला १२ हजार रुपये भरले आणि आठवड्यातून तीनदा गेलो, तर भेट सुमारे ७७ रुपयांना पडते. आठवड्यातून एकदाच गेलो तर २३० रुपयांना. म्हणून पहिले तीन महिने, थोडी महाग पडली तरी, महिन्याचीच फी भरावी आणि मग हजेरी मोजून वर्षाचा निर्णय घ्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर वार्षिक सभासदत्व घेणे तर टाळावेच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पर्वरीहून पणजीला दुचाकीने व्यायामाला जाण्याचा निश्चय किती सकाळी टिकतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

घरच्या यंत्रांनाही हाच न्याय. ट्रेडमिल घेणाऱ्यांनी आधी घराच्या एका कोपऱ्यात सहा आठवडे जागच्या जागी चालून दाखवावे. आषाढात तिच्या दांड्यांवर वाळत घातलेले कपडे अनेक घरांत दिसतात.

घरच जेथे पुरेसे

घरच्या व्यायामाची बाजू भक्कम करणारे पुरावेही कमी नाहीत. न्यूझीलंडमधील ‘ओटागो’ कार्यक्रम हा पडण्याचा धोका असलेल्या वृद्धांसाठी घरीच करण्याचा. पायांची ताकद आणि तोल यांचे मोजके व्यायाम, घोट्याला बांधायची वजने आणि थोडे चालणे, एवढेच त्याचे स्वरूप. ऐंशी वर्षांवरील स्त्रियांवर त्याची पहिली चाचणी झाली आणि पुढील अभ्यास एकत्र धरता पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. यात प्रशिक्षित व्यक्ती घरी येऊन व्यायाम शिकवते, टप्पे वाढवते आणि मधूनमधून दूरध्वनी करते. म्हणजे घर आहे, पण नजरही आहे. हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनाबाबतही, वैद्यकीय देखरेखीखाली आखलेला घरचा कार्यक्रम रुग्णालयातील कार्यक्रमाइतकाच उपयुक्त ठरतो, असे या विषयावरील चाचण्यांचे एकत्रित परीक्षण सांगते.

हॉटेल, जहाज किंवा रुग्णालयात पाळ्यांनी काम करणाऱ्यांसाठीही घरच सोयीचे, कारण त्यांची सवड आणि जिमची वेळ क्वचितच जुळते. अशांनी वीस मिनिटांचे दोन भाग करावेत, एक कामाआधी, एक नंतर. नजरेसाठी एखादा सहकारी गाठावा आणि वहीचे पान त्याला मोबाइलवर पाठवत राहावे.

आरंभापूर्वी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी व्यायामाआधी आणि नंतर साखर तपासावी. खिशात ग्लुकोजची पूड किंवा चार चमचे साखर असू द्यावी. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे घरी एकट्याने व्यायाम करताना आली तर मदतीला कोणी नसते, म्हणून दार आतून कडी लावून बंद करू नये. डोळ्यांच्या पडद्याचा गंभीर विकार असलेल्यांनी जड वजनांपूर्वी नेत्रतज्ज्ञाला विचारलेच पाहिजे. वजन उचलताना श्वास कोंडू नये, उचलताना सोडावा आणि ठेवताना घ्यावा, कारण कोंडलेल्या श्वासाबरोबर रक्तदाब एकदम उसळतो. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवले तर सेट पूर्ण करण्याचा हट्ट न धरता थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे.

पायांच्या संवेदना मंदावलेल्या मधुमेह्यांनी घरातही अनवाणी उड्या किंवा बैठका मारू नयेत. व्यायामानंतर तळवे उजेडात पाहावेत. टाचेखाली रुतलेला बारीक खडा अशा पायाला जाणवत नाही, आणि दमट हवेत जखम लवकर चिघळते.

आरंभ करण्यापूर्वी एकदा एचबीए१सी तपासून तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. पहिल्या पंधरवड्यातील उपाशीपोटीच्या साखरेवरून घर किंवा जिम यांपैकी कशाचाही निवाडा करू नये. पुढची एचबीए१सी तपासणी तीन महिन्यांनी करावी आणि दोन्ही आकड्यांच्या मध्ये वहीत किती दिवस भरले आहेत, तेही त्याच वेळी मोजावे.